1974 ला भारत फुटबॉलमध्ये आशियाचा युवा चॅम्पियन होता? आजोबा म्हणतात हो, नातू म्हणतो शक्यच नाही

भांडुपची_आई

नमस्कार. आमच्या घरी रविवारपासून एक विषय चालू आहे, तो इथे विचारते.

रविवारी अहमदाबादला आपल्या 17 वर्षांखालच्या मुलांनी इराणला 2-1 असं हरवलं आणि एशियन कपला पात्र ठरले. आमचा मुलगा आठवीत आहे, शाळेच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळतो. त्याने सासऱ्यांबरोबर बसून मॅच पाहिली. जिंकल्यावर सासरे म्हणाले, "आपण 74 साली आशियाचे चॅम्पियन होतो, तेव्हाही समोर इराणच होता." मुलगा ऐकायलाच तयार नाही. त्याचं म्हणणं, भारत फुटबॉलमध्ये कुठेच नसतो आणि आजोबा हॉकीची गोष्ट सांगताहेत. सासरे दुखावले आहेत. ते बीईएसटीत होते, ड्युटी संपली की कूपरेजला मॅच बघायला जायचे, उगाच काहीतरी बोलणारे नाहीत.

तर पहिला प्रश्न, हे खरं आहे का? आणि दुसरा माझा स्वतःचा. लहान वयात ही मुलं इराणला हरवू शकतात, तर मोठेपणी काय होतं? माझा मुलगा दिवसभर याच स्वप्नात असतो, म्हणून विचारते.

अंधेरी_स्लो

ताई, वर्ल्ड कपचं म्हणाल तर एकच. 2017 चा अंडर-17, तोही आपण यजमान होतो म्हणून. ग्रुपमध्ये तीन मॅच, तिन्ही हरलो. अमेरिका 0-3, कोलंबिया 1-2, घाना 0-4. गोल एकच, जॅक्सन सिंगचा. स्वतःच्या जोरावर पात्र ठरून आपण कुठलाच युवा वर्ल्ड कप खेळलेलो नाही. बाकी दक्षिण आशियातल्या देशांच्या सॅफ स्पर्धा बऱ्याच जिंकल्यात, पण तिथे समोर नेपाळ, बांगलादेश असतात. 74 चं मला माहीत नाही.

परळचे_सर

ताई, तुमच्या सासऱ्यांचं शंभर टक्के खरं आहे. मुलाला आज संध्याकाळीच सांगा.

1974 ची आशियाई युवा स्पर्धा बँकॉकला झाली. फायनल भारत आणि इराण, स्कोअर 2-2. तेव्हा दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. कॅप्टन शब्बीर अली, कोच अरुण घोष. हे घोष म्हणजे 1962 च्या जकार्ता एशियाडला सुवर्णपदक मिळवलेल्या टीमचे बचावपटू. शब्बीर अलींना पुढे 2011 मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आणि एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. तेव्हा युवा वर्ल्ड कप नावाची स्पर्धाच नव्हती. फिफाने ती 1977 ला ट्युनिशियात सुरू केली. आपली पोरं आशियाच्या शिखरावर होती, पण तिथून पुढे जायला रस्ताच नव्हता.

मी परळच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचो, शाळेच्या फुटबॉल टीमबरोबर माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त लिहितो, कारण या प्रश्नाने मला फार वर्षं छळलं आहे.

अंधेरी_स्लो यांनी 2017 चे स्कोअर बरोबर दिलेत. पण नुसत्या स्कोअरमधून त्या मॅच कळत नाहीत. अमेरिकेविरुद्ध 0-2 असताना अन्वर अलीचा फटका क्रॉसबारवर आदळला, चेंडू परत आला आणि त्याच पळापळीत अमेरिकेने तिसरा टाकला. 1-2 व्हायचं ते 0-3 झालं. कोलंबियाविरुद्ध पहिला हाफ संपता संपता राहुलचा फटका पोस्टला लागला. मग 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आणि जॅक्सनचं हेडर, 1-1. कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरून कोणी तरी ताट वाजवायला लागलं. आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाने गोल करून मॅच नेली. सगळी पोरं गोलचा आनंद करून परत जागेवर येईपर्यंत समोरचे निघालेसुद्धा होते. एका मिनिटाचं भान, बस्स. ते भान कोचने फळ्यावर शिकवून येत नाही, अशा मॅच खेळून खेळून येतं.

भारताच्या मॅच दिल्लीला होत्या, पण ग्रुपची शेवटची फेरी एकाच वेळी दोन शहरांत होती. 12 ऑक्टोबरला रात्री 8 वाजता दिल्लीत भारत-घाना आणि आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर अमेरिका-कोलंबिया. मी शाळेच्या मुलांना घेऊन नेरुळला गेलो होतो. समोर वर्ल्ड कपची मॅच चाललेली आणि अर्धी पोरं मान खाली घालून मोबाइलवर दिल्लीची मॅच बघत होती, नेटवर्क मिळेल तशी. मी एकालाही मोबाइल ठेव म्हटलं नाही. घानाचा पहिला गोल हाफ टाइमच्या जरा आधी झाला. आमच्या ओळीतला कॅप्टन, दहावीतला मुलगा, मोबाइल माझ्याकडे देऊन म्हणाला, "सर, हे आमच्यापेक्षा एकच वर्षाने मोठे आहेत ना?" त्याला भारताचं हरणं लागलं नव्हतं. आपल्या वयाची मुलं तिथे आहेत, हे त्या क्षणी त्याला पहिल्यांदा खरं वाटलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये आमच्यासमोर गोल टाकला तो त्याच पेन्यालोसाने.

आता मुद्द्यावर येतो. 2017 ला सगळे बघतात, पण मला विचाराल तर आपल्या 16-17 च्या गटाची खरी कामगिरी 2018 ची आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. मलेशियात आशियाई फुटबॉल महासंघाची (एएफसी) अंडर-16 स्पर्धा. कोच गोव्याचे बिबियानो फर्नांडिस, कॅप्टन विक्रम प्रताप सिंग. व्हिएतनामला 1-0 हरवलं. इराणशी 0-0, त्यात गोलकीपर नीरज कुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी त्यांच्या खच्चून भरलेल्या पाठीराख्यांसमोर 0-0. क्वार्टर फायनलला दक्षिण कोरिया, 0-1. पूर्ण स्पर्धेत या मुलांनी फक्त एक गोल खाल्ला आणि त्याच गोलने वर्ल्ड कप हुकला, कारण तेव्हा आशियातून चारच टीम जायच्या, म्हणजे सेमी फायनल गाठणं भाग होतं. 2002 लाही संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या याच स्पर्धेत आपण क्वार्टर फायनलला कोरियाकडूनच हरलो होतो.

आता वर्ल्ड कप 48 टीमचा झालाय आणि दरवर्षी होतो. आशियातून क्वार्टर फायनल गाठली की तिकीट मिळतं. 2018 ची टीम आजच्या नियमात वर्ल्ड कप खेळली असती. म्हणून रविवारचा विजय मला एवढा मोठा वाटतो. ग्रुपमधून फक्त पहिला नंबर जाणार होता, इराणला बरोबरी पुरेशी होती, पहिला गोलही त्यांचाच. हाफ टाइमच्या आधी पेनल्टीवर आपण बरोबरी केली आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पुढे गेलो. मग उरलेला वेळ इराणसारखी टीम अंगावर येत असताना आघाडी सांभाळली. 2017 ला जे एक मिनिट आपल्या हातून सुटलं, ते या पोरांनी अर्धा तास आणि वर धरून ठेवलं. कोच पुन्हा बिबियानोच.

मग मोठेपणी काय होतं? ताई, 16 ते 20 या वयात आपल्या पोरांना मॅचच मिळत नाहीत. मला या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच दिसतं. 16-17 च्या गटात आपण आशियात पुन्हा पुन्हा दिसतो. 20 वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत मात्र 2006 ला कोलकात्याला यजमान म्हणून खेळलो, त्यानंतर आजपर्यंत पात्र ठरलेलो नाही. पोरं तीच, पाय तेच. मधली चार वर्षं गायब.

जिथे मॅच दिल्या तिथे काय झालं तेही बघा. 2017 च्या टीमला मोडू न देता फेडरेशनने इंडियन अॅरोज नावाने आय-लीग या देशातल्या क्लबांच्या लीगमध्ये उतरवलं. 17-18 वर्षांची मुलं दर आठवड्याला परदेशी खेळाडू असलेल्या क्लबांशी भिडली. पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला 3-0, त्यात दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. पुढच्या ऑगस्टमध्ये स्पेनला कोटिफ स्पर्धेत अंडर-20 टीमने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. अनिकेतला रेड कार्ड मिळालेलं, बराच वेळ दहा जणांत खेळलो, अन्वर अलीने गोल टाकला. त्या अर्जेंटिनाचे कोच होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चार वर्षांनी मेस्सीला वर्ल्ड कप जिंकून दिला. हे असं होऊ शकतं, फक्त पोरं वर्षभर खेळती हवीत. 2022 मध्ये अॅरोज बंद केली. क्लबांनी मुलं तयार करावीत हा विचार मला समजतो, पण क्लबांच्या पहिल्या अकरात 18 वर्षांचा मुलगा किती वेळा दिसतो ते तुम्हीच मोजा.

आणि मुंबईत तर पोराची पहिली अडचण असते दहावी. माझा तो नेरुळचा कॅप्टन, डाव्या पायाने पन्नास यार्डांचा पास टाकायचा, चेंडू समोरच्याच्या छातीवर अलगद उतरायचा. दहावीची परीक्षा जवळ आली, संध्याकाळचा क्लास लागला, बूट माळ्यावर गेले. अकरावीत खेळायला परत आला तेव्हा कॉलेजच्या टीमला पूर्ण मोसमात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅच होत्या. शाळेची नॉकआउट स्पर्धा असली की पहिल्याच दिवशी हरलात तर वर्ष संपलं. पावसाळ्यात आझाद मैदानाचं तळं होतं. उरलेल्या महिन्यांत मैदान क्रिकेटच्या पिचांमधून वाट काढून मिळवायचं. जपानमधला त्याच वयाचा मुलगा शाळेच्या टीमकडूनसुद्धा वर्षभर लीग खेळतो. 2023 च्या अंडर-17 एशियन कपला जपानने आपल्याला 8-4 हरवलं. लोकांनी आठ गोल मोजले. मी चार मोजले, कारण पुढे तीच जपानची टीम आशियाची विजेती झाली आणि तिच्याविरुद्ध आपण चार टाकले. गोल टाकायचं अंगात आहे. नव्वद मिनिटं न ढळता उभं राहणं सवयीचं काम आहे आणि सवय मॅचनेच लागते.

सीवूड्स_प्लॅटफॉर्म_2

सर, वाचून छान वाटलं. मुलींचंही इथे लिहायला हवं, म्हणून लिहिते.

2022 चा मुलींचा अंडर-17 वर्ल्ड कपही आपल्याकडेच झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नेरुळ. स्पर्धेला दोन महिने उरलेले असताना ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फेडरेशनवर बंदी घातली. दहा-बारा दिवसांनी उठली, पण त्या दिवसांत त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींच्या मनाचं काय झालं असेल! मैदानावर अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. कॅप्टन अस्तम उरांव झारखंडची. तिच्या गावातल्या रस्त्याची बातमी आली होती, की तिच्यामुळे तो बांधायला घेतला आणि तिचे आईवडीलच त्यावर मजुरी करत होते. मला तेव्हा स्कोअरपेक्षा ते जास्त लागलं.

फायनल 30 ऑक्टोबरला डी. वाय. पाटीलला, स्पेन 1-0 कोलंबिया. मी मुलीला घेऊन गेले होते. कोलंबियाची लिंडा कायसेडो आमच्या बाजूच्या टचलाइनवर चेंडू घेऊन आली की माझी मुलगी खुर्चीवर उभी राहायची. आता ती इथल्या अकादमीत खेळते.

आणि 2025 हे वर्ष मुलींचं आहे, कृपया कोणी विसरू नका. ऑगस्टमध्ये अंडर-20 च्या मुलींनी यांगूनला म्यानमारला त्यांच्याच घरी 1-0 हरवून वीस वर्षांनी एशियन कप गाठला. ऑक्टोबरमध्ये अंडर-17 च्या मुलींनी उझबेकिस्तानला 2-1 हरवलं, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच एशियन कपमध्ये. सर म्हणतात तसं 20 चं दार मुलांसाठी बंद आहे, पण मुलींनी ते उघडलंय.

विंगर_डोंबिवली

सर, एक विचारू? माझं वय 19, मी डोंबिवलीहून कुलाब्याला मॅच खेळायला जातो. मॅच कमी मिळतात हे बरोबर, पण फक्त मॅचने होईल का? कोचिंगचं काय, खाण्याचं काय? आणि 2017 च्या मुलांना तर फेडरेशनने परदेशात कितीतरी मॅच खेळायला नेलं होतं. तरी तीन मॅच हरलोच की.

परळचे_सर

बाळा, प्रश्न अगदी योग्य आहे. कोचिंग आणि आहार लागतोच, त्यात वाद नाही. पण 2017 च्या मुलांना हे सगळं मिळालं ते एकाच टीमला, निवडून. एका टीमला तयार करता येतं, म्हणून तर कोलंबियाशी बरोबरीत आलो. घाना किंवा कोलंबियाकडे त्या अकरा जणांच्या मागे त्याच तोडीचे आणखी शेकडो असतात, जे आपापल्या गावात लीग खेळत असतात. आपल्या 21 जणांत आठ एकट्या मणिपूरचे होते. ते काही योगायोगाने झालं नाही. तिथे गावोगाव मैदान आहे आणि मैदानावर संध्याकाळी मॅच आहे. महाराष्ट्रातून कोल्हापूरचा अनिकेत. नाव मराठी म्हणून नमित देशपांडेचा आपल्याला आनंद झाला, पण तो अमेरिकेत वाढलेला. कोल्हापूरला तालीम मंडळांच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं, पोरगं पाचवीपासून ते वातावरण बघतं. सव्वा कोटीच्या मुंबईने त्या टीमला काय दिलं, हा प्रश्न आपण मुंबईकरांनी स्वतःला विचारायला हवा.

त्या मुलांचं पुढे काय झालं तेही तुला माहीत असेल. जॅक्सन, सुरेश, अन्वर सीनियर टीममध्ये गेले. त्याच टीममधला अपुइया आणि 2018 चा कॅप्टन विक्रम प्रताप आपल्या मुंबई सिटीत आले, 2024 ला आयएसएल कप जिंकलेल्या टीममध्ये दोघेही होते. अंधेरीला तू त्यांना डोळ्यांनी पाहिलं असशील. ज्यांना 18-19 ला सलग मॅच मिळाल्या ते टिकले. तू 19 चा आहेस आणि डोंबिवलीहून कुलाबा करतोस, म्हणजे प्रवासाचाच दोन-अडीच तासांचा व्यायाम. जवळपासच्या कुठल्याही लीगमध्ये, खालच्या डिव्हिजनला का होईना, पूर्ण नव्वद मिनिटं मिळत असतील तर तिथे खेळ. मोठ्या नावाच्या क्लबच्या बाकावर बसू नकोस.

भांडुपची_आई

सर, तुमचं उत्तर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शब्बीर अलींचं नाव आल्यावर त्यांनी मुलाकडे नुसतं पाहिलं! मुलाने आता त्यांनाच त्या काळच्या मॅच विचारायला सुरुवात केली आहे.

शेवटचा प्रश्न. त्याचा जन्म नोव्हेंबर 2012 चा. अंगाने लहानखुरा आहे. गेल्या महिन्यात एका अकादमीच्या निवड चाचणीला नेलं होतं, तिथे "अंगात भरलेला नाही" म्हणून पहिल्याच फेरीत बाजूला केलं. त्याने दोन दिवस बूट हातात घेतले नाहीत. त्याच्या वयाचं नेमकं गणित काय असतं?

परळचे_सर

ताई, गणित सोपं आहे. ज्या वर्षी वर्ल्ड कप, त्यातून 17 वजा करा. त्या वर्षाच्या 1 जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला मुलगा चालतो. 2026 साठी 1 जानेवारी 2009. तुमचा 2012 चा, म्हणजे त्याचं शेवटचं वर्ष 2029, आणि त्याची पात्रता फेरी साधारण त्याच्या आधीच्या वर्षी. अजून बराच वेळ आहे.

पण नोव्हेंबरचा जन्म ही गोष्ट नीट समजून घ्या आणि त्यालाही समजावून सांगा. त्याच्या गटात जानेवारी 2012 चे मुलगे असतात, त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठे. 13 व्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यात दुप्पट जोर. निवड करणारा घाईत असेल तर तो अंग बघतो, खेळ बघत नाही. जगभर युवा टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते ती यामुळेच. 18 पर्यंत हा फरक मिटतो. तोवर त्याने पहिला टच, डावा पाय आणि मान वर करून खेळणं यावर काम करावं. लहानखुऱ्या मुलाला चेंडू लवकर सोडावा लागतो, त्यामुळे त्याची नजर तयार होते. लेफ्ट बॅकला तर हे सोनंच.

दुसरं, वय चोरायच्या नादाला कोणी लावलं तर तिथून उठून या. असे सल्ले देणारे मैदानावर भेटतात. फिफा 2009 पासून अंडर-17 ला मनगटाचा एमआरआय करते. मनगटापाशी रेडियस हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ती पूर्ण जुळलेली दिसली की मुलगा बाद. कागद काहीही म्हणोत. आणि खोट्या वयाने खालच्या गटात जिंकलेला मुलगा खऱ्या वयाच्या मुलांसमोर गेला की उघडा पडतो, हे मी मैदानावर पाहिलेलं आहे.

तिसरं, महापालिकेचा जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार, तिन्हीवर नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे का ते या आठवड्यातच बघून घ्या. नोंदणीच्या दिवशी स्पेलिंगच्या एका अक्षरावरून अडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि दुरुस्तीला महिने लागतात. पासपोर्ट अजून काढला नसेल तर तोही काढून ठेवा.

रविवारी सकाळी मी परळला सेंट झेवियर्सच्या मैदानावर असतो. भांडुपहून स्लो लोकलने परळ थेट आहे. त्याला घेऊन या, आजोबांनाही आणा. मला त्यांच्याकडून रोव्हर्स कपच्या मॅच ऐकायच्या आहेत.